बंद धुराड्यात पाणी येतं कुठून?

दिवाळीनंतर पाचगणीला एका स्नेह्यांच्या जुन्या बंगल्यात गेलो होतो. बैठकीतली फायरप्लेस कोणी पेटवत नाही, म्हणून मे महिन्यात त्यांनी ती विटा-सिमेंटने पक्की बुजवली. छपरावर धुराड्याच्या तोंडावरही फरशी बसवून चारी बाजू लिंपल्या. आता वरून थेंबही आत येणार नाही. तरी छातीच्या उंचीवर भिंतीला तपकिरी डाग होता, गिलाव्याचे पोपडे सुटले होते. बोट लावलं तर चिकट ओल लागली आणि तिला जळक्या लाकडाचा वास होता.

कोणीतरी वास्तुदोष सांगून त्यांना तांब्याचे पिरॅमिड विकले होते. मला याचा राग येतो. भिंतीत पाणी आहे, आणि पिरॅमिडने पाणी वाळत नाही.

पाणी दोन वाटांनी येतं. धुराड्याचा छपरावरचा भाग चारी बाजूंनी पावसात उघडा असतो. जांभा, वीट, चुना सगळेच सच्छिद्र, ते चार महिने पाणी पितात. दुसरी वाट घरातली. 20 अंशांच्या एक घनमीटर हवेत फार तर 17 ग्रॅम वाफ मावते, 10 अंशांना जेमतेम 9. थंडीच्या रात्री चार माणसांचे श्वास, चहाची वाफ मिळून खोलीतल्या हवेत 12 ग्रॅम झाली, तर विटांच्या फटींतून ती हवा गार धुराड्यात शिरताच जादा वाफेचं पाणी होतं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसंच. त्यात जुन्या काजळीत क्षार असतात. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तसं हे क्षार हवेतलं पाणी ओढतात आणि डाग घेऊन भिंतीबाहेर येतात.

हे पाणी बाहेर नेणारं यंत्र म्हणजे धुराडंच! आतली हवा बाहेरच्यापेक्षा 10 अंशांनी गरम असली, की ती प्रति घनमीटर सुमारे 36 ग्रॅम हलकी असते. घनतेतला फरक गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची: 0.036 × 9.8 × 6 मीटर, म्हणजे साधारण 2 पास्कल दाब. पाण्याच्या पाव मिलिमीटर थराचाही दाब याहून जास्त. पण एवढ्यावर हवा रात्रभर वर सरकते. उंची दुप्पट केली तर दाब दुप्पट, तापमान सारखं झालं की शून्य. मात्र खालून हवा आत यायला वाट हवी आणि वरून जायला. दोन्ही बुजवल्या की यंत्र ठप्प.

म्हणून आधी धुराडं झाडून काजळी, घरटी काढा. खाली बुजवलेल्या भागात जमिनीलगत 9 इंच बाय 3 इंचांची जाळी ठेवा. वर पाऊस अडवणारी, पण बाजूंनी उघडी टोपी बसवा. पुन्हा तिथे जाळ करायचा नाही, ही खूणगाठ बांधा. जुलैत हवाच ओलीचिंब असते, तेव्हा जाळीने फारसं वाळणार नाही. महाबळेश्वरला तर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. खरं वाळणं ऑक्टोबरपासून मेपर्यंत.

स्नेह्यांनी फरशी काढली, जाळी बसवली. पहाटे मी जाळीपाशी उदबत्ती धरली. धूर सरळ वर न जाता वाकून जाळीत शिरला. दुपारी बाहेर ऊन तापलं आणि भिंती गारच होत्या, तेव्हा तोच धूर उलटा खोलीत येत होता.