आफ्टरबर्नरची इंधन-कार्यक्षमता

झोत (जेट) एंजिनाच्या टरबाइनमागील, म्हणजे तप्त वायूने फिरणाऱ्या पात्यांच्या चाकामागील, नळीत जादा इंधन फवारून ते जाळणाऱ्या व्यवस्थेला आफ्टरबर्नर म्हणतात. ब्रिटिश परिभाषेत तिला रीहीट असे नाव आहे. टरबाइनच्या पात्यांना सोसेल इतकेच तापमान ठेवावे लागत असल्याने मुख्य ज्वलन कक्षात हवेतील ऑक्सिजनचा थोडाच भाग खर्ची पडतो आणि उरलेला मागे येऊन या दुसऱ्या ज्वलनाला उपयोगी पडतो.

आफ्टरबर्नर पेटवल्यावर रेटा, म्हणजे विमानाला पुढे ढकलणारे बल, साधारणपणे दीडपट होतो, इंधनाचा खर्च मात्र तिपटीच्याही वर जाऊ शकतो. झोताचा वेग निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ९५० केल्व्हिनचा वायू १,९०० केल्व्हिनपर्यंत तापवला तरी वेग जेमतेम १.४ पट होतो. शिवाय बराचसा दाब टरबाइनने आधीच काढून घेतलेला असतो, आणि कमी दाबाच्या वायूला दिलेल्या उष्णतेचे कामात रूपांतर कमीच होते. हे बंधन ऊष्मागतिकीचे आहे. रचना कितीही सुधारली तरी ते सुटत नाही.

रचनेत सुधारायचे ते ज्वलनाची पूर्णता आणि दाबाचा अपव्यय. वायू काही मिलिसेकंदांतच नळीबाहेर पडत असल्याने रुंदावत जाणाऱ्या मार्गात त्याचा वेग आधी कमी केला जातो आणि इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराच्या पन्हळींच्या आडोशाला ज्योत टिकवली जाते. पण याच पन्हळी आफ्टरबर्नर बंद असतानाही प्रवाहाच्या आड येतात, आणि तो बंद असण्याचा काळच उड्डाणात बहुतांशी मोठा असल्याने हा तोटा लहान दिसला तरी महाग पडतो. म्हणून काही नव्या एंजिनांत टरबाइनमागील जाड, स्थिर पात्यांतूनच इंधन सोडून त्यांच्या मागच्या कडेला ज्योत धरली जाते. नळी लांबवल्यास ज्वलन अधिक पूर्ण होते, पण ते वजन प्रत्येक उड्डाणात वाहावे लागते. ज्योत पेटताच नोझलचे, म्हणजे झोत बाहेर सोडणाऱ्या टोकाचे, तोंडही रुंद करावे लागते, नाहीतर मागचा दाब चढून पुढचा पंखा किंवा हवा दाबणारा संपीडक अडखळतो.

वेग वाढला की हे गणित बदलते. मॅक २ ला, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगाला, समोरून येणारी हवा थांबवल्याने मिळणारा दाब आदर्श स्थितीत बाहेरच्या सुमारे ७.८ पट असतो, त्यामुळे तेथे आफ्टरबर्नर तुलनेने कमी उधळा ठरतो. एसआर-७१ हे अमेरिकी टेहळणी विमान मॅक ३ च्या पुढे तो सतत पेटता ठेवूनच उडत असे. काँकॉर्ड या स्वनातीत प्रवासी विमानाने उलट वाट धरली. धावपट्टीवरून झेप घेताना आणि नंतर मॅक ०.९५ पासून १.७ पर्यंत आफ्टरबर्नर वापरून ते विमान ध्वनिवेगाजवळचा जादा अवरोधाचा टप्पा झटपट ओलांडत असे, आणि पुढे मॅक २ चा प्रवास त्याशिवायच करीत असे.