ब्रेक पॅड

ब्रेक पॅड : मोटारगाडीच्या डिस्क ब्रेकमधील, झिजण्यासाठीच बनवलेला घर्षणभाग. पोलादी पट्टीवर घर्षण-पदार्थाचा थर पक्का बसवलेला असतो. डिस्कच्या आतल्या बाजूस एक व बाहेरच्या बाजूस एक अशी पॅडची जोडी डिस्क असलेल्या प्रत्येक चाकाशी असते. पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधला (डिस्कवर बसून पॅड धरणाऱ्या चिमट्यामधला) पिस्टन सरकतो आणि चाकाबरोबर फिरणारी बिडाची डिस्क या जोडीच्या चिमटीत सापडते. गॅरेजात यालाच ‘डिस्क पॅड’ म्हणतात. ‘लायनर’ हा शब्द ड्रम ब्रेकच्या शूवरील (फिरत्या ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानीवरील) अस्तरापुरता ठेवणे बरे. भारतातील बऱ्याच लहान मोटारींत पुढे डिस्क आणि मागे ड्रम असल्याने या दोन शब्दांचा घोटाळा नेहमी होतो.

उगम : याबाबत एकमत नाही. जर्मन लेखक पहिल्या ब्रेक अस्तराचा मान बेर्था बेंट्स यांना देतात. ऑगस्ट 1888 मध्ये मानहाइमहून फोर्त्सहाइमला (सु. 104 किमी.) पती कार्ल बेंट्स यांनी बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून जाताना ब्रेकचे ठोकळे झिजू लागले, तेव्हा त्यांनी वाटेतल्या मोच्याकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. इंग्रज लेखक हर्बर्ट फ्रूड यांचे नाव पुढे करतात. डार्बीशरमधील उतारांवर घोडागाडीवाले ब्रेकच्या लाकडी ठोकळ्यांना जुन्या बुटांचे तुकडे ठोकतात, हे पाहून त्यांनी 1897 च्या सुमारास अस्तरे बनवायला घेतली. (त्यातून निघालेल्या ‘फेरोडो’ या नावात त्यांच्याच आडनावाची अक्षरे फिरवलेली असून जादा ‘ई’ पत्नी एलिझाबेथ यांचा, असे सांगतात.) दोन्ही हकिकतींत चामडेच आहे. तेव्हा ही युक्ती गाडीवानांत आधीपासूनच रूढ असावी, हे मत अधिक संभवनीय वाटते.

अर्थात ही झाली ठोकळ्याची अस्तरे. चिमटीतल्या पॅडचा धागा जुळतो तो इंग्रज अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांच्या 1902 मधील ब्रिटिश पेटंटशी. त्यांचे अस्तर तांब्याचे होते. ते डिस्कवर कर्कश किंचाळे. फ्रूड यांच्या ॲस्बेस्टसच्या अस्तराने (सु. 1907-08) आवाजाची अडचण बरीचशी सुटली, तरी डिस्क ब्रेक पुढे कित्येक वर्षे अडगळीतच राहिला. 1949 मध्ये अमेरिकेत क्रॉस्ली व क्रायस्लर या दोन्ही मोटार कंपन्यांनी तो आणला. अग्रक्रम कोणाचा, यावर अजून वाद घातला जातो. क्रायस्लरच्या रचनेत पूर्ण चकत्या आवरणाच्या आतल्या बाजूंवर दाबल्या जात. त्यामुळे आजच्या पॅडचा पूर्वज क्रॉस्लीचाच मानणे योग्य. मात्र रस्त्यावरच्या मिठाने गंजून तो अडके व लवकरच मागे पडला. 1953 च्या फ्रान्समधील ल मां मोटारशर्यतीत डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार सी-टाइप जिंकली आणि 1955 मध्ये सिट्रोएन डीएस पुढच्या डिस्कसह बाजारात आली. तेथून प्रसार वाढला.

ॲस्बेस्टसची धूळ कर्करोगकारक ठरल्यावर अनेक देशांनी ते हटवले. आजचे पॅड सेंद्रिय, अर्धधातवी किंवा सिरॅमिक प्रकारचे असतात.

बदलण्याची वेळ : नव्या पॅडचा थर साधारणतः 10 ते 12 मिमी. असतो, 3 मिमी.च्या आसपास आला की बदलावा. किलोमीटरचे आकडे फारसे कामाचे नाहीत, कारण शहरातली थांबत-थांबत चालणारी गाडी आणि महामार्गावरची गाडी यांची झीज सारखी नसते. ब्रेक मारताना भार पुढे झुकत असल्याने पुढचे पॅड सहसा आधी संपतात. पुष्कळ पॅडना पोलादी पत्ती असते. थर संपत आला की ती डिस्कला घासून चिरका आवाज करते. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीचा सकाळचा खरखराट मात्र बहुधा डिस्कवरच्या गंजाचा असतो. दोनचार ब्रेकांत तो जातो. चाकाच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. कॅलिपरच्या पिना अडकल्या असतील तर आतला त्याआधीच पट्टीपर्यंत पोचलेला असू शकतो, म्हणून चाक काढूनच खात्री करावी. घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय राहिला तर पॅड तापून पकड कमी होते व त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो; असा पॅड जाडी शिल्लक असूनही बाद समजावा.

बदलण्याची रीत : पॅड नेहमी एका आसाच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलतात. गाडी सपाटीवर, दुसऱ्या चाकांना अडण लावून, जॅकखेरीज स्टँडवरही टेकवलेली असावी. कॅलिपर सोडल्यावर तो तारेने टांगतात. होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळू देत नाहीत. पिस्टन आत ढकलताना टाकीतले ब्रेक ऑइल वर चढते. ते सांडले तर गाडीचा रंग जातो. मागच्या काही कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा असल्याने पिस्टन फिरवत आत घ्यावा लागतो; तेथे जोर लावल्यास कॅलिपरच बिघडतो. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते, ती याच वेळी तपासावी. पिनांना त्यांचेच ग्रीस लावतात, पॅडच्या घर्षणबाजूला कधीच नाही. काम संपल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत दाबतात, एरवी पहिला ब्रेक लागतच नाही. नंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी 50-60 किमी. वेगावरून आठदहा वेळा, पूर्ण न थांबता, मध्यम दाबाने वेग उतरवला की पॅड डिस्कवर बसतो.