इंटरप्ट कोणाच्या ताब्यात? रिअल-टाइम आणि लिनक्स एकाच यंत्रावर

रोबोच्या मोटरला ठरलेल्या क्षणी आज्ञा मिळालीच पाहिजे, आणि त्याच यंत्राच्या स्क्रीनवर आलेख, नेटवर्क, फायली हेही हवे असते. पहिल्या कामाला रिअल-टाइम, म्हणजे वेळ पाळण्याची हमी देणारी, ऑपरेटिंग सिस्टिम लागते, दुसऱ्याला लिनक्स किंवा विंडोज. त्यामुळे पूर्वी दोन वेगळे संगणक बसवणे हाच सरळ मार्ग होता.

व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एकाच यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालवण्याचे तंत्र, तेव्हाही होतेच. आयबीएमने १९६०च्या दशकात त्यासाठी सीपी-४० ही सिस्टिम तयार केली आणि १९७२मध्ये व्हीएम/३७० आणली. पण तिथे हेतू होता महागडा मेनफ्रेम, म्हणजे मोठा संगणक, अनेकांत वाटून घेण्याचा. एखादे काम नेमके कोणत्या क्षणी सुरू होईल, याची हमी तिथे कोणाला नको होती.

रिअल-टाइमवाल्यांनी वेगळी वाट काढली, आणि माझ्या मते या इतिहासातली सर्वांत देखणी कल्पना तीच. १९९०च्या दशकाच्या मध्यास न्यू मेक्सिको टेकमध्ये व्हिक्टर योडाइकेन आणि मायकेल बाराबानोव्ह यांनी आरटीलिनक्स घडवले. इंटरप्ट म्हणजे 'हातातले थांबव, इकडे बघ' अशी उपकरणाने प्रोसेसरला दिलेली हाक. नाजूक कामाच्या वेळी लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, 'सीएलआय' ही सूचना देऊन इंटरप्ट बंद करतो. तेवढा वेळ मोटरचा इंटरप्टही ताटकळतो. या दोघांनी त्या सूचनेच्या जागी नुसती एक खूण ठेवली. लिनक्सला वाटते इंटरप्ट बंद झाले. प्रत्यक्षात ते खालच्या छोट्या रिअल-टाइम कर्नलकडे येतच राहतात. तो आपले काम आधी उरकतो आणि लिनक्सच्या वाट्याचे इंटरप्ट मागाहून सोपवतो. अख्खा लिनक्स त्याच्या लेखी सर्वांत कमी प्राधान्याचे एक काम!

उणीव एकच, पण मोठी: दोघांची मेमरी वेगळी नव्हती. लिनक्सचा एखादा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) बिघडला की मोटरही गेली. ड्रेस्डेनच्या संशोधकांनी १९९७मध्ये लिनक्स एल४ या मायक्रोकर्नलवर, म्हणजे अगदी लहान कर्नलवर, स्वतःच्या वेगळ्या मेमरीच्या कुंपणात चालवून दाखवला.

पुढे २००५पासून इंटेलच्या प्रोसेसरमध्येच व्हर्च्युअलायझेशनची सोय आली, मल्टिकोर, म्हणजे एका चिपवर अनेक प्रोसेसर (कोर), रुळले, आणि मग वेळ वाटण्याऐवजी कोरच वाटता येऊ लागले. अशी वाटणी करणाऱ्या प्रोग्रामला हायपरव्हायजर म्हणतात; सीमेन्सच्या २०१३च्या जेलहाउस या हायपरव्हायजरमध्ये तर कामांना पाळीपाळीने वेळ देणारा शेड्यूलरच नाही: आधी लिनक्स बूट होतो, मग त्याच्याकडचे काही कोर काढून रिअल-टाइम सिस्टिमला कायमचे दिले जातात.

तरी कॅशे (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी) आणि मेमरी बस (मेमरीकडे जाणारा मार्ग) सामाईकच राहतात. लिनक्सने मोठी फाइल कॉपी करायला घेतली की शेजारच्या कोरचा डेटा कॅशेतून हुसकला जातो आणि रिअल-टाइम काम रेंगाळते. म्हणून आता कॅशेचेही वाटे पाडतात. २०२४मध्ये लिनक्सलाच रिअल-टाइम बनवणारे प्रीएम्प्ट-आरटी मूळ लिनक्सच्या ६.१२ आवृत्तीत दाखल झाले, त्यामुळे कित्येक ठिकाणी दुसऱ्या सिस्टिमची गरजच उरणार नाही. जिथे जिवाच्या सुरक्षिततेसाठी प्रमाणपत्र लागते, तिथे मात्र लिनक्सच्या कोट्यवधी ओळी तपासण्यापेक्षा लहानसा हायपरव्हायजर तपासणे कितीतरी सोपे पडते.