पेशी चाळीस हजार, पण केवढ्या आकाराच्या?

मागच्या आठवड्यात अशोक चौकाजवळच्या आमच्या शेजारच्या आजी रिपोर्टचा कागद घेऊन आल्या. सून सातव्या महिन्यातच बाळंत झालेली, पाच दिवसांचा नातू काचेच्या पेटीत. "पांढऱ्या पेशी चाळीस हजारांवर आल्यात म्हणे ओ सर. पपईच्या पाल्याचा रस बोटानं चाटवू का?"

रस अजिबात नको. इतक्या कोवळ्या आतड्याला आईच्या दुधाखेरीज काय सोसेल, ते डॉक्टरच ठरवणार.

आणि कागदावरचा तो आकडा पांढऱ्या पेशींचा नव्हताच. डेंगीच्या साथीपासून आपल्याकडे प्लेटलेटना सर्रास पांढऱ्या पेशी म्हणतात. पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात आणि हजारांत मोजतात. प्लेटलेट रक्त थांबवतात आणि लाखांत मोजतात. हाडांच्या मगजात मेगाकॅरिओसाइट नावाच्या अगडबंब पेशी असतात. त्यांचे सुटलेले तुकडे म्हणजे प्लेटलेट. दीड लाखाच्या खाली त्या कमी समजतात.

पण नुसत्या संख्येवरून बाळाला काय झालंय ते कळत नाही. त्यासाठी आकार पाहायचा, आणि तो मोजण्याची युक्ती मला फार आवडते. वॉलेस कोल्टर या अमेरिकी संशोधकाला १९५३ साली तिचं पेटंट मिळालं. पातळ केलेलं रक्त केसाएवढ्या छिद्रातून सोडतात. छिद्रातून वीज वाहत असते. पेशी आत शिरली की विजेला अडथळा होतो. पेशी जेवढी मोठी, तेवढा अडथळा मोठा. म्हणजे मोजता मोजताच मापही निघतं! रिपोर्टवर 'एमपीव्ही' लिहिलेलं असतं ते हेच, प्लेटलेटचं सरासरी आकारमान. साधारण ७ ते ११ फेमटोलिटर, म्हणजे लिटरचा अतिसूक्ष्म अंश. तांबडी पेशी ९०च्या आसपास असते.

ताज्या प्लेटलेट सहसा मोठ्या असतात. रक्तात जंतू पसरले किंवा आतड्याला दाह झाला, की प्लेटलेट झपाट्यानं खर्ची पडतात आणि मगज घाईनं नव्या, मोठ्या प्लेटलेट पाठवतो. संख्या उतरते, आकार चढतो. यंत्रमाग धडधडतोय, पण टॉवेल गोदामात टिकत नाही, तसं. उलट आईचा रक्तदाब वाढून वारेतून पोषण कमी पडलं असेल, तर बाळाचा मागच मंदावलेला असतो. संख्या उतरते, पण ताज्या प्लेटलेटची भर पडत नाही. ही घट बहुधा जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांत दिसते. त्यानंतर अचानक आकडा घसरला, तर पहिला संशय जंतुसंसर्गाचा.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची आणखी एक अडचण आहे. मोठ्या माणसाच्या मेगाकॅरिओसाइटमध्ये गुणसूत्रांचे बहुधा १६ संच असतात. बाळाच्या पेशीत त्याहून बरेच कमी, म्हणून ती लहान आणि तिचे तुकडेही थोडे. मागणी वाढली की मोठ्यांचा मगज या पेशींची संख्या आणि आकार दोन्ही वाढवतो. बाळाला आकार वाढवणं जमत नाही.

एका एमपीव्हीवर मात्र विसंबू नये. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त तासन् तास राहिलं की चपट्या प्लेटलेट फुगून गोल होतात आणि आकार खोटाच वाढतो. टाचेतून घेतलेलं रक्त गोठू लागलं, तर संख्या खोटीच घटते. पुन्हा पुन्हा रक्त काढावं, तर किलोभर वजनाच्या बाळात सगळं मिळून ते जेमतेम ९० मिलिलिटर.

आजींनी जाता जाता विचारलं, "सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही म्हणतात, ते?" साफ खोटं. पोटात काढलेला एकेक आठवडा फुप्फुसं आणि आतडी पक्की करत जातो.

चाळीस हजारांवरही डॉक्टर प्लेटलेटची पिशवी का लावत नाहीत, ही आजींची खरी काळजी होती. २०१९ साली ६६० अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरच्या युरोपातल्या चाचणीचे निष्कर्ष आले. एका गटाला प्लेटलेट ५०,०००च्या खाली गेल्यावर पिशवी दिली, दुसऱ्याला २५,०००च्या खाली. पहिल्या गटात मृत्यू किंवा मोठा रक्तस्राव २६ टक्के बाळांत झाला, दुसऱ्यात १९ टक्के. नातवाला कुठेही रक्तस्राव नव्हता, म्हणून डॉक्टर थांबले होते आणि जंतुसंसर्गावरची औषधं चालू होती.