कुत्रं चावल्याच्या भरपाईचा अर्ज: येताना केसपेपर एकदा वाचून या

हल्ली रोज कोण ना कोण आमच्या अर्ज टाइप करून द्यायच्या दुकानात येऊन विचारतंय की कुत्रं चावलं तर सरकार पैसे देतंय म्हणे, फॉर्म आहे काय तुमच्याकडं. म्हणून हे लिहून काउंटरवर ठेवलंय आणि व्हॉट्सॲपवर पण पाठवतोय. बेळगावातल्या शहापूर, वडगाव, अनगोळची माणसं येतात, येळ्ळूर, उचगाव, खानापूरकडची पण येतात, प्रश्न सगळ्यांचे तेच.

कुत्र्याच्या दाताच्या एका खुणेला दहा हजार मिळतात असा मेसेज फिरतोय, आधी ते बघू. तो मेसेज खोटा नाही, पण आपल्याकडचा नाही. पंजाब-हरियाणा हायकोर्टानं नोव्हेंबर २०२३ मध्ये तसा निकाल दिलाय, दाताच्या एका खुणेला कमीत कमी १० हजार आणि मांस निघालं असेल तर ०.२ सेंटिमीटर जखमेमागं कमीत कमी २० हजार, पण तो पंजाब, हरियाणा आणि चंदीगडसाठी. कर्नाटकात शहरी हद्दीत भटकं कुत्रं चावलं तर ५ हजार आणि माणूस दगावला तर घरच्यांना ५ लाख असा सरकारी आदेश आहे. त्या ५ हजारातले ३५०० चावलेल्या माणसाला आणि १५०० उपचारापोटी सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्टला (कर्नाटक सरकारच्या आरोग्य योजना बघणारी संस्था) जातात, त्यामुळं खात्यावर ३५०० दिसले तर मधले कुणी कापले असं समजू नका. दात लागून कातडीला भोक पडलंय, खोल काळंनिळं झालंय, फाटलंय नाहीतर बऱ्याच ठिकाणी चावलंय, अशा जखमांना हे आहे. नुसतं अंगावर धावून आलं, पँट फाडली, ते यात बसत नाही.

आता काम अडतं कुठं, तर केसपेपरवर. दहातल्या आठ जणांचा अर्ज आम्हाला पहिल्या दिवशी करता येत नाही तो यामुळंच. दवाखान्यात गर्दी असते, डॉक्टर घाईत 'डॉग बाईट' एवढे दोन शब्द आणि खाली इंजेक्शनचं नाव लिहून मोकळे होतात आणि आपण पण कळवळत असतो म्हणून कागद न बघताच खिशात कोंबतो. मग अर्ज घेऊन गेल्यावर पलीकडचा माणूस विचारतो, कुत्रं पाळीव की भटकं, चावलं कुठं, कधी, आणि कागदावर यातलं काहीच नसतं. भरपाई भटक्या कुत्र्यासाठी आहे, आणि कुठल्या हद्दीत चावलं त्यावर अर्ज कुणाकडं जाणार ते ठरतं, मग हेच नसेल तर त्यांनी तरी काय बघून पैसे द्यायचे?

म्हणून पहिल्याच दिवशी, डॉक्टर लिहीत असतानाच सांगा की रस्त्यावरचं कुत्रं होतं, अमुक गल्लीत, अमुक वाजता चावलं, एवढं लिहा म्हणून. अर्धा मिनिट लागतो. नंतर तेच लिहून आणायला गेलात तर त्या डॉक्टरांची ड्युटी कधी ते विचारा, रजिस्टर काढायला लावा, त्यात आठवडा गेलेली माणसं आम्ही बघितलीत. आणि नाव बघा. आधारला ज्योतिबा, केसपेपरला नुसतं ज्योती, पासबुकात इंग्लिशमध्ये तिसरंच स्पेलिंग, असं असलं की कागद हमखास परत येतो. तिथंच खिडकीवर आधार दाखवून नाव नीट करून घ्या.

आणखी एक, केसपेपर किंवा इंजेक्शनचं कार्ड लॅमिनेट करायला आणू नका, आम्ही करून देणार नाही. पुढच्या डोसची तारीख आणि शिक्का त्यावरच पडायचा असतो. प्लॅस्टिकचं पाकीट देतो, त्यात ठेवा.

हद्दीचं पण थोडं बघा. तुम्ही राहता कुठं हे नाही, कुत्रं चावलं कुठं हे धरायचं. येळ्ळूरचा माणूस शहापुरात बाजाराला आला आणि तिथं चावलं तर अर्ज बेळगाव कॉर्पोरेशनला, निपाणीत चावलं तर तिथल्या नगरपालिकेला. वरचे ५ हजार शहरी हद्दीचे आहेत, गावात चावलं असेल तर आम्ही पंचायतीच्या पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकारी) नावानं लिहून देतो. शिनोळीत चावलं तर ते महाराष्ट्रात, तिथं आपला हा आदेश चालत नाही. शेजाऱ्याचं पाळलेलं कुत्रं असेल तर सरकारी भरपाई विसरा, ते प्रकरण मालकावर जातं, भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ त्यासाठी आहे, तक्रार पोलीस स्टेशनला. तो अर्ज पण आम्ही करून देतो.

काही जण रागावतात की आम्ही आधी इंजेक्शन झालं काय विचारतो आणि झालं नसेल तर परत पाठवतो. आम्ही ते सोडणार नाही. अर्ज दोन दिवसांनी केला तरी चालतं, इंजेक्शनला तसं चालत नाही, रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस वाचत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा, चटणी, चुना, हळद काही लावू नका आणि थेट सिव्हिलला नाहीतर जवळच्या सरकारी दवाखान्यात जा, तिथं लस फुकट आहे. कातडीत देतात ती लस पहिल्या दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी, आणि रक्त आलं असेल तर जखमेत सीरम पण द्यायला लागतं, ते विचारून घ्या. तिसरा झाला की बरं वाटतंय म्हणून लोक २८ चा डोस सोडतात, तसं करू नका.

आमच्या कामाचं म्हणाल तर अर्ज कन्नडमध्ये करतो कारण ऑफिसात तोच पटकन पुढं सरकतो, पण सहीच्या आधी ओळ न ओळ मराठीत वाचून दाखवतो, न समजता सही करू नका. पैसे पानाप्रमाणं घेतो, भरपाईतला हिस्सा मागत नाही, आणि पैसे मिळवून देतो असं पण कुणाला सांगत नाही. दोन प्रती काढून देतो, एक ऑफिसात द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख, इनवर्ड नंबर घेऊनच खाली उतरायचं. जखमेचा फोटो मोबाईलवर असेल तर कलर प्रिंट जोडतो.

येताना ओरिजिनल केसपेपर, इंजेक्शनचं कार्ड, आधार आणि पासबुक आणा, लहान मूल असेल तर आईचं किंवा वडिलांचं पासबुक. केसपेपरचा फोटो आधी व्हॉट्सॲपवर टाकलात तर काय कमी आहे ते लगेच सांगतो, त्याचे पैसे नाहीत. सकाळी आलात तर त्याच दिवशी अर्ज देऊन होतो, चारनंतर आलात तर टाइप करून ठेवतो, दुसऱ्या दिवशी सही करून न्या.