रटलंड वॉटर की किल्डर वॉटर? धरणाभोवतीच्या दोन फेऱ्या, ज्यात लोक हमखास गल्लत करतात

इंग्लंडमधे गाड्यांचा त्रास नसलेली, पाण्याच्या कडेकडेने जाणारी सायकल फेरी शोधायला बसलात की ही दोन नावं मागेपुढे येणारच. रटलंड वॉटर आणि किल्डर वॉटर. दोन्ही धरणाचे जलाशय, दोन्ही गावाखेड्यात, दोन्हीला पूर्ण फेरी मारता येते, आणि दोन्हीच्या नावापुढे कुठेतरी "सगळ्यात मोठा मानवनिर्मित तलाव" असं लिहिलेलं असतंच. मग माणूस म्हणतो एकाची माहिती वाचली म्हणजे दुसऱ्याची वाचल्यासारखीच आहे, आणि इथेच फसतो.

आधी तो "सगळ्यात मोठा"चा घोळ मिटवून टाकू. पाणी किती मावतं ते बघितलं तर किल्डर मोठं, जवळपास 200 अब्ज लिटर, रटलंडमधे साधारण 124 अब्ज. पण पाणी पसरलंय किती ते बघितलं तर रटलंड मोठं. म्हणजे एक खोल आणि एक पसरट. हे वाचताना नुसतं सामान्य ज्ञान वाटतं, पण सायकलवाल्याला खरं तर एवढं एक वाक्य पुरतं, कारण पुढचा चढ, वारा, रस्ता, वाटेतला चहा, सगळं त्या खोल आणि पसरटमधूनच निघतं.

रटलंड इंग्लंडच्या मध्यभागात, जरा पूर्वेकडे. तिथलं खोरं मऊ चिकणमातीचं, बसकं. ग्वॉश नावाची नदी तिथे अडवलीये पण ती इतकी लहान की तिच्या जिवावर एवढा जलाशय भरणार कसा, म्हणून नीन आणि वेलँड या दोन नद्यांचं पाणी पंपाने उचलून आणून सोडतात. 1970च्या दशकात धरण झालं तेव्हा बसक्या खोऱ्यात पाणी चढत गेलं आणि दोन फाट्यांत पसरलं, मधे हॅम्बल्टनची टेकडी जिभेसारखी शिल्लक राहिली. खालचं, म्हणजे नेदर हॅम्बल्टन गाव पाण्याखाली गेलं, टेकडीवरचं हॅम्बल्टन अजून आहे. (याच मातीत 2021 मधे काठच्या एका रिकाम्या केलेल्या लगूनच्या, म्हणजे उथळ तळ्याच्या तळाशी सुमारे 10 मीटर लांबीच्या इक्थिओसॉरचा, म्हणजे प्राचीन समुद्री सरीसृपाचा सांगाडा सापडला. सायकलशी याचा संबंध नाही, पण त्या काठावरून जाताना माझ्या डोक्यात हे येतंच.)

किल्डर तिकडे वर नॉर्थम्बरलँडमधे, स्कॉटलंडच्या सीमेजवळ. नॉर्थ टाईन नदीचं खोरं, दोन्ही बाजूंनी डोंगरउतार आणि 1920च्या दशकापासून लावत आणलेलं किल्डरचं जंगल. 1982 मधे राणी एलिझाबेथच्या हस्ते उद्घाटन झालं. ठिकठिकाणी ओढे खाली उतरतात आणि प्रत्येक ओढ्याच्या तोंडाशी पाणी आत घुसून खाडीसारखं झालंय, वाट त्या प्रत्येक खाचेत आत जाते, ओढा ओलांडते, परत बाहेर येते. म्हणून नकाशावर समोरचा काठ हाताच्या अंतरावर दिसतो आणि तिथे पोचायला बराच वेळ जातो.

आता अंतराचा मुद्दा, सगळ्यात जास्त गल्लत इथे होते. रटलंडची पूर्ण फेरी 23 मैल, म्हणजे 37 किमी, त्यात हॅम्बल्टनची जीभ धरलेली आहे, ती सोडली तर 17 मैल. किल्डरची लेकसाइड वे ही फेरी 26 मैल, 42 किमीच्या आसपास. कागदावर फरक फक्त पाचेक किलोमीटरचा, आणि सायकलवाल्या माणसाला पाच किलोमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण रटलंडची फेरी आरामात थांबतथांबत अर्ध्या दिवसात होते आणि किल्डरला मी तोच हिशोब लावून दुपारी निघालो होतो तर शेवटचे मैल अंधार पडायच्या भीतीने तोंडातून शब्द न काढता मारले. तिथे एकही मोठा घाट नाही, पण लहान चढ, वळण, उतार, परत चढ असं सतत चालू राहतं, पायडलला लय लागली म्हणेपर्यंत मोडते. शिवाय कॅरिअरवर दोन्ही बाजूंना पॅनियर, म्हणजे सामानाच्या पिशव्या असल्या की प्रत्येक छोटा चढ आपला हिशोब वेगळा मागतो.

रटलंडला चढ नाहीतच असं मात्र समजू नका, हॅम्बल्टनच्या फेऱ्यात आहेत. पण बाकी वाट बऱ्यापैकी सपाट आणि कडक, काही ठिकाणी डांबरी, काही ठिकाणी दाबून बसवलेली खडी. तिथला खरा शत्रू वारा. धरणाची भिंत जवळपास सव्वा किलोमीटर लांब, आडोसा म्हणून काही नाही, मोकळ्या पाण्यावरून वारा सरळ अंगावर येतो. किल्डरला झाडीमुळे वारा त्या मानाने लागत नाही, पण झाडी आणि ओल म्हटल्यावर मिज आल्या. त्या बारीक चावऱ्या माश्या उन्हाळ्यात, वारा पडलेला असताना, तुम्ही थांबायची वाटच बघत असतात. पंक्चर काढायला तिथे खाली बसायची वेळ आली तर कळतं मी काय म्हणतोय ते.

आणि "ट्रॅफिक-फ्री" शब्दाचं काय? किल्डरची लेकसाइड वे ही मुळातच चालणारे, सायकलवाले आणि घोडेस्वार यांच्यासाठी बांधलेली वेगळी वाट आहे. दक्षिण काठाला मोटार रस्ता आहे पण तो बाजूने जातो, आणि उत्तर काठावर झाडांत शिरलं की गाडीचा आवाजही येत नाही. रटलंडला बहुतेक वाट वेगळी आहे पण सगळी नाही. मँटन गावातून जाताना गावचाच रस्ता आहे, हॅम्बल्टनकडे तसंच, आणि उत्तरेला काही तुकडा मोठ्या रस्त्याला खेटून जातो, तिथे वाट वेगळी असली तरी गाड्यांचा आवाज पूर्ण वेळ सोबत असतो. लहान मुलाला पहिल्यांदा स्वतःच्या सायकलवर नेणार असाल तर पूर्ण फेरीचा हट्ट धरू नका, उत्तर काठावरच्या व्हिटवेलपासून धरणाच्या भिंतीवरून दक्षिणेला नॉर्मंटनपर्यंत जा आणि तसेच परत या. पाणी, भिंत, आणि शेवटी ते अर्धं बुडालेलं नॉर्मंटन चर्च. जलाशय झाला तेव्हा ते पाण्यात जाणार होतं, म्हणून आतला खालचा भाग दगडमातीने भरून तळ वर उचलला आणि काठापासून तिथपर्यंत बांध घातला, आता बघताना चर्च पाण्यावर ठेवल्यासारखं दिसतं.

रटलंडची अजून एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही, ती म्हणजे फाटकं. काठावर मेंढ्या चरायला सोडलेल्या असतात म्हणून वाटेत फाटकं आणि जमिनीत आडव्या बसवलेल्या लोखंडी नळ्यांच्या जाळ्या येतात. सामान लादलेली सायकल एका हाताने धरायची, दुसऱ्या हाताने स्प्रिंगचं फाटक ढकलून धरायचं, मागचं पॅनियर फाटकाला घासत आत घ्यायचं, तोवर ते परत येऊन मागच्या चाकावर आपटतं. दोघं असाल तर एकाने फाटक धरावं, बस. जाळीवरून मात्र सरळ जा, हँडल अजिबात वळवू नका, ओल्या नळीवर टायर साबणासारखा सटकतो.

किल्डरला तुम्हाला जपायचंय ते घोड्यांना. मागून घंटी वाजवून सुसाट जाऊ नका, लांबूनच बोला, घोडा माणसाच्या आवाजाला घाबरत नाही, अचानक आलेल्या चाकाला बिचकतो.

खाण्यापिण्यात तर दोघांत काही तुलनाच नाही. रटलंडला जवळच्या ओकहॅमपर्यंत ट्रेन येते, फेरीत कॅफे, टॉयलेट, सायकल भाड्याने देणारे सगळे अंतराअंतरावर आहेत. किल्डरला रेल्वे नाही. होती कधीकाळी, 1862 चा दगडी पूल जलाशयाच्या वरच्या टोकाला अजून उभा आहे, पण गाड्या कधीच्याच बंद झाल्या. सोयी सगळ्या दक्षिण काठाला टॉवर नो, लीपलिश आणि वर किल्डर गावात. उत्तर काठाला काही म्हणजे काही नाही, मोबाइलची रेंजही भरवशाची नाही. म्हणून माझं मत असं की उत्तर काठ आधी करा, पाय ताजे, बाटल्या भरलेल्या, ट्यूब आणि पंप जवळ, आणि मग दमल्यावर दक्षिणेला सोयींच्या बाजूने परत या. उत्तरेला वाटेत एक प्रचंड लाकडी डोकं ठेवलंय, आत शिरून वर गेलं की त्याच्या डोळ्यांतून जलाशय दिसतो, तेवढ्यासाठी थांबाच.

पक्ष्यांमुळेही दोन्हीत गोंधळ होतो, कारण ऑस्प्रे, म्हणजे मासे पकडणारा तो मोठा शिकारी पक्षी, दोन्हीकडे आहे. रटलंडला 1996 पासून पिल्लं बाहेरून आणून सोडली आणि 2001 मधे तिथे पहिलं पिल्लू जन्मलं. किल्डरला ते आपणहून परत आले, 2009 मधे घरटं केलं. दोन्हीकडे वसंत ऋतू ते उन्हाळ्याच्या शेवटापर्यंतच, नंतर ते आफ्रिकेकडे निघून जातात.

लांबच्या टूरमधे यातलं एक घालायचं असेल तर नॅशनल सायकल नेटवर्क, म्हणजे देशभरच्या सायकलमार्गांचं जे जाळं आहे, त्यातला 63 नंबरचा मार्ग रटलंडवरून जातो आणि किल्डरवरून 10 नंबर, म्हणजे रीव्हर्स रूट. किल्डरला एक रात्र राहायचं ठरवा, दिवा आणि जादा बॅटरी घेऊन जा. तिथलं आकाश 2013 पासून अधिकृत डार्क स्काय पार्कमधे आहे, म्हणजे सूर्य गेल्यावर वाटेवर दुसरा कुठला उजेडच नसतो, तुमच्या हँडलवरचा दिवा तेवढा.