रेटा जिरवायचा कुठे? मध्ययुगीन युरोपातल्या दगडी छतांची गोष्ट

15 एप्रिल 2019 रोजी संध्याकाळी पॅरिसच्या नोत्र दाम कथीड्रलला आग लागली. ओकच्या लाकडाचं छप्पर जळून गेलं, त्यावरचं शिसं वितळलं आणि एकोणिसाव्या शतकात बसवलेला टोकदार मनोरा कोसळला. दुसऱ्या दिवशी आतले फोटो आले तेव्हा मात्र अनेकांना आश्चर्य वाटलं. बाकं, पुतळे, रंगीत काचा बऱ्याच अंशी जागच्या जागी होत्या. लाकडी छपराच्या खाली कमानींचं दुसरं, दगडी छत होतं. ते तीन ठिकाणी फुटलं, बाकीचं टिकलं. वर आग लागली तरी खालचं वाचावं, हे दगडी छत घालण्यामागचं एक मोठं कारण होतं, आणि आठ शतकांनंतर त्या छताने ते काम चोख बजावलं.

आग विझल्यावर इंजिनिअरांनी जे केलं ते बांधकामाच्या दृष्टीने आणखी बोलकं आहे. इमारतीच्या बाहेरच्या अंगाला भिंतींना टेकलेल्या दगडी अर्धकमानी आहेत. त्यांना फ्लाइंग बट्रेस म्हणतात. अशा 28 कमानींखाली लाकडी सेंटरिंग लावलं गेलं. फुटलं होतं आतलं छत, मग आधार बाहेरच्या कमानींना कशासाठी? तर या कमानी शेकडो वर्षं छताचा बाहेर येणारा रेटा अडवून उभ्या होत्या. उद्या छतच पडलं आणि रेटा संपला, तर त्यांनी भिंती आत ढकलल्या असत्या. छत बाहेर ढकलतं, बट्रेस आत ढकलतं आणि या ओढाताणीत इमारत उभी राहते.

मध्ययुगीन युरोपातल्या वास्तुशैलींची नावं, शतकं आणि दागिने पाठ करण्यापेक्षा हा एक रेटा ध्यानात ठेवला तर सगळं आपोआप उलगडतं, असं मला वाटतं.

दगड दाबाला भक्कम, ताणाला कच्चा. त्यामुळे दगडाने मोठी जागा झाकायची तर कमान हवी, कारण कमानीत प्रत्येक दगड शेजारच्यावर दाबला जातो. पण एकमेकांना टेकवून उभे केलेले दोन पत्ते जसे खालून घसरत फाकतात, तसे कमानीचे पायही बाहेर सरकू पाहतात. हाच रेटा. कमान उंच असेल तर तो कमी असतो, पसरट असेल तर जास्त. तो संपवता येत नाही. फक्त जमिनीपर्यंत सुखरूप पोहोचवता येतो.

साधारण 1000 ते 1150 या काळातल्या रोमनेस्क शैलीने त्यावर सरळ उत्तर शोधलं: भिंती जाड करा. रोमन लोकांची अर्धवर्तुळाकार कमान घ्यायची, ती लांबच लांब ओढून बोगद्यासारखं छत घालायचं आणि दोन्ही बाजूंना सलग जाड भिंत उभी करायची. रेटा भिंतीच्या संपूर्ण लांबीवर येतो, म्हणून भिंतीत मोठी खिडकी काढण्याची सोय नाही. त्या चर्चमधला तो गंभीर अंधार तिथून आला. जर्मनीतल्या श्पायरच्या कथीड्रलने पुढची पायरी गाठली. 1030 च्या सुमारास सुरू झालेल्या या इमारतीवर अकराव्या शतकाच्या अखेरीस एकमेकांना छेदणाऱ्या दोन बोगद्यांचं दगडी छत चढलं. अशा छताचा भार भिंतभर न पसरता गाळ्याच्या, म्हणजे चार खांबांमधल्या छताच्या एका तुकड्याच्या, चार कोपऱ्यांत उतरतो. मधली भिंत मोकळी होते.

पण इथे भूमिती आडवी येते. अर्धवर्तुळाची उंची त्याच्या रुंदीला बांधलेली असते. 10 मीटर बाजूचा चौरस गाळा घ्या. बाजूवरची कमान 5 मीटर चढणार. त्याच गाळ्याचा कर्ण साधारण 14 मीटर, म्हणजे कर्णावरची कमान 7 मीटर चढणार. कमानींचे माथे एका पातळीत येतच नाहीत आणि छत मध्ये फुगतं. गाळा लांबट आयताकृती असेल तर गोंधळ आणखी वाढतो. टोकदार कमानीने ही गाठ सोडवली. दोन वर्तुळखंड जोडून केलेली ही कमान रुंदी तीच ठेवून हवी तेवढी उंच करता येते, शिवाय उंच असल्यामुळे तिचा रेटाही कमी. ही कमान युरोपने शोधलेली नाही. कैरोच्या इब्न तुलून मशिदीत ती नवव्या शतकातच दिसते. युरोपीय गवंड्यांचं कर्तृत्व तिला दगडी फासळ्यांशी, म्हणजे छताखालच्या सांगाड्यासारख्या बारीक कमानींशी, जोडण्यात आहे.

इंग्लंडमधल्या डरहमच्या कथीड्रलमध्ये 1093 ते 1133 या चाळीस वर्षांत हा बदल घडताना दिसतो. इमारत रोमनेस्कच आहे, तिचे खांब भलेथोरले आहेत. पण छताच्या कर्णावर फासळ्या आहेत आणि मुख्य दालनाच्या आडव्या कमानी टोकदार आहेत. आधी लाकडी सेंटरिंगवर फासळ्या उभारायच्या, मग त्यांच्या मधली जागा दगडांनी भरायची. बाजूच्या छपराखाली, कुणाला दिसणार नाहीत अशा, टेकू देणाऱ्या अर्धकमानीही तिथे आहेत. रोमनेस्कनंतर आलेल्या, टोकदार कमानींच्या गॉथिक शैलीचं बहुतेक सामान डरहमला जमलं होतं.

ते एकत्र मांडून उजेडासाठी वापरलं ते पॅरिसजवळच्या सँ दनीच्या मठात. मठाधिपती सुजे यांनी वेदीच्या मागचा भाग नव्याने बांधून घेतला आणि जून 1144 मध्ये, राजा सातव्या लुईच्या उपस्थितीत, त्याचं पवित्रीकरण झालं. बारीक खांब, वेड्यावाकड्या आकाराच्या गाळ्यांवरही नीट बसलेलं फासळ्यांचं छत आणि भिंतीच्या जागी रंगीत काचा. सुजे यांनी या कामाबद्दल भरभरून लिहून ठेवलं आहे, पण ते करणाऱ्या मुख्य पाथरवटाचं नाव त्यात नाही. या माणसाचं नाव आपल्याला कधीच कळणार नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

इथून पुढची शंभर वर्षं उंचीची. नोत्र दामचं छत सुमारे 33 मीटर, 1194 च्या आगीनंतर नव्याने उठलेल्या, फ्रान्समधल्याच शार्त्रच्या कथीड्रलचं सुमारे 37, आमियांच्या कथीड्रलचं 42 च्या वर. भिंती काचेच्या झाल्या, तेव्हा रेटा भिंतीवरून उचलून हवेतून बाहेर नेणारी फ्लाइंग बट्रेस आली. बट्रेसच्या बाहेरच्या खांबावर जो नक्षीदार सुळका असतो तो निव्वळ शोभेचा नाही. कमानीचा रेटा खांबाला तिरका ढकलतो. वरून सुळक्याचं वजन पडलं की तो तिरका जोर खाली वळतो, आणि खांबाचे वरचे दगड घसरत नाहीत. सगळं ओझं नुसत्या दगडानेच पेललं, असंही नाही. आगीनंतरच्या अभ्यासात नोत्र दामच्या दगडांना जोडणारे लोखंडी आकडे 1160 च्या दशकातले, म्हणजे मूळ बांधकामातलेच निघाले. इटलीत तर कमानीचे दोन पाय उघड्या लोखंडी सळईने बांधून टाकायची पद्धत होती, म्हणून तिथल्या चर्चना बाहेर टेकूंचं जंगल फारसं लागलं नाही. इंग्रजांनी उंचीपेक्षा लांबी पसंत केली आणि पुढे फासळ्यांचे पंखे केले. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज चॅपलचं 1515 मध्ये पुरं झालेलं छत त्यातलं सगळ्यात देखणं.

आपल्याकडे या परंपरेची दोन टोकं पोहोचली. जुन्या गोव्यातल्या सोळाव्या शतकातल्या रोझरी चर्चमध्ये पोर्तुगालच्या उत्तर-गॉथिकची म्हणजे मान्युएल शैलीची छटा आहे. मुंबईतल्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला एकोणिसाव्या शतकात पुन्हा जागवलेल्या गॉथिकचं रूप आहे.

हे सगळं गणिताशिवाय कसं जमलं? बलांचा हिशोब करण्याचं शास्त्र तेव्हा नव्हतं. त्याचं उत्तर केंब्रिजचे इंजिनिअर जॅक हेमन यांनी विसाव्या शतकात नेमकेपणाने दिलं. साधारण दर्जाच्या वालुकाश्माचा सरळ खांब रचत गेलो तर तळाचा दगड चिरडायला सुमारे 2 किलोमीटर उंची लागेल. कथीड्रल त्याच्या आसपासही नाहीत. म्हणजे प्रश्न दगडाच्या ताकदीचा नसून आकाराचा आहे. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने 1675 मध्ये सांगून ठेवलं होतं की लोंबती साखळी उलटी केली की कमानीचा आकार मिळतो. तशी दाबाची रेषा, म्हणजे दाब ज्या वाटेने खाली उतरतो ती, दगडाच्या जाडीच्या आत राहिली की बांधकाम उभं राहतं. ही गोष्ट प्रमाणावर अवलंबून असते, मोजमापावर नाही. छोटा नमुना तगला तर त्याच प्रमाणातली दहापट मोठी इमारतही तगते. म्हणून गवंड्यांचे 'रुंदीच्या इतका भाग जाडी' असले ठोकताळे अडाणी नव्हते, शास्त्रशुद्ध होते. चुना सावकाश सुकतो, त्यामुळे इमारत थोडी हलून, चिरा पाडून स्वतःची जागा शोधते. हेमन यांच्या मते अशा चिरा हे आजाराचं लक्षण नसून दगडी इमारतीची नेहमीची अवस्था आहे.

तरीही फ्रान्समधलं बोव्हे पडलं. 1225 मध्ये सुरू झालेल्या या कथीड्रलचं छत जवळपास 48 मीटरवर नेलं. ते 1272 मध्ये पुरं झालं आणि 1284 मध्ये त्याचा बराच भाग कोसळला. प्रिन्स्टनचे रॉबर्ट मार्क यांनी पारदर्शक प्लास्टिकचे नमुने करून, ध्रुवित प्रकाशात त्यांतले ताण पाहून, वाऱ्याच्या दाबाने मधल्या टेकू-खांबांत चिरा पडत गेल्या असाव्यात असा निष्कर्ष काढला. हेमन यांचं म्हणणं वेगळं आहे आणि अभ्यासकांत अजून एकमत नाही. दुरुस्ती करताना जुन्या खांबांच्या मध्ये नवे खांब घालून गाळे अर्ध्यावर आणले गेले. तिथे आज छताखाली दाटीने उभे दिसणारे खांब त्या अपघाताची देन आहेत. 1569 मध्ये तिथल्याच गवंड्यांनी 153 मीटरचा मनोरा चढवला. तो 1573 मध्ये पडला. मुख्य दालन बांधायला त्यानंतर पैसाच उरला नाही, आणि ते आजही नाही.

विसाव्या शतकात बोव्हेच्या बट्रेसमधल्या काही लोखंडी सळया दिसायला वाईट म्हणून काढून टाकल्या, तेव्हा इमारत वाऱ्यात जास्त डोलू लागली. मग पोलादी सळया बसवाव्या लागल्या, आणि 1990 च्या दशकात आतल्या बाजूलाही भक्कम लाकडी टेकू द्यावे लागले.